जुन्या मोटारींचा न्यायनिवाडा

हिवाळ्यातील एखाद्या रविवारी सकाळी मैदानावर जुन्या मोटारींची रांग लागते, तेव्हा प्रेक्षकांची गर्दी होण्यापूर्वीचा तासभर मोठा पाहण्यासारखा असतो. कोणी गुडघे टेकून चाकांच्या तारा एकेक करून पुसत असतो, कोणी बॉनेट उघडून कार्ब्युरेटरच्या पितळेवर उमटलेले बोटांचे ठसे फडक्याने टिपत असतो, कोणाची पत्नी मागच्या आसनावरील गादीची सुरकुती हाताने सारखी करीत असते. आणि इतक्यात हातात तक्ता व पेन्सिल घेतलेली तीन-चार माणसे रांगेच्या टोकाशी दिसू लागली की, ज्याने आयुष्यात मोठमोठे व्यवहार निर्भयपणे पार पाडले असतील अशा गृहस्थाच्या चेहऱ्यावरही परीक्षेच्या दिवशीच्या शाळकरी मुलाची कळा उतरते.

ही माणसे पंच होत. आणि विशेष हे की, बहुतेक ठिकाणी मोटारीचा धनी जसा हौशी तसेच पंचही हौशीच असतात. एकाने नोकरीधंदा सांभाळून रात्री जागवलेल्या असतात, तर दुसऱ्याने वाचनातून आणि स्वतःचे हात काळे करून मिळवलेले ज्ञान विनामोबदला खर्ची घातलेले असते. बक्षीस म्हणावे तर एखादा चषक किंवा रंगीत फीत. तरीही ही घालमेल होते, कारण ज्या वस्तूवर माणसाने पाच-दहा वर्षांचे श्रम ओतले, तिचा फैसला दहा-पंधरा मिनिटांत व्हायचा असतो. ‘हा सारा मौजेचा मामला, येथे नियमांचा काच कशाला?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि ‘स्पर्धा म्हटली की कठोरपणा हवा, आनंद ज्याचा त्याने पाहावा’ असे म्हणणारेही भेटतात. माझ्या मते दोन्ही पक्ष एकच चूक करतात : न्याय आणि आनंद यांना ते परस्परांचे प्रतिस्पर्धी समजतात. वस्तुतः अशा मेळाव्यातील आनंद न्यायाच्याच पायावर उभा असतो.

या प्रथेचे मूळ युरोपातील श्रीमंतांच्या घोडागाड्यांच्या मिरवणुकीत आहे. पुढे घोडे गेले, इंजिन आले, पण मिरवण्याची हौस राहिली, आणि ‘कॉन्कूर द’एलेगान्स’, म्हणजे लालित्याची स्पर्धा, हे फ्रेंच नाव तिला चिकटले. इटलीतील कोमो सरोवराच्या काठी व्हिला द’एस्ते येथे १९२९ साली अशी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तेथे येणाऱ्या मोटारी नव्याकोऱ्या असत आणि निवाडा व्हायचा तो त्यांच्या घडणीचा व डौलाचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पेबल बीच येथे १९५० साली जो सोहळा आरंभिला गेला, त्यातही पहिल्या वर्षी सर्वोच्च मान मिळाला तो नव्याच मोटारीला. १९५५ साली मात्र फिल हिल या शर्यतपटूने, जो पुढे १९६१ मध्ये जगज्जेता झाला, १९३१ सालची पिअर्स-ॲरो मोटार निगुतीने पूर्ववत करून तेथे आणली आणि तो मान पटकावला. तेव्हापासून तेथील वारे फिरले असे म्हणण्यास हरकत नाही. नव्याच्या डौलाबरोबर जुन्याचे पुनरुज्जीवन हीही प्रतिष्ठेची बाब ठरली, आणि त्यासरशी पंचापुढील प्रश्नही बदलला. ‘ही मोटार सुंदर आहे काय?’ या प्रश्नाशेजारी ‘ही मोटार खरी आहे काय?’ हा दुसरा प्रश्न येऊन बसला. पहिल्याचे उत्तर अभिरुचीने द्यावयाचे, दुसऱ्याचे पुराव्याने. आणि पंचांच्या हातून होणारे पुष्कळसे अन्याय हे एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहिल्याने होतात.

पुराव्याने निवाडा कसा करावा याचा सर्वांत पद्धतशीर नमुना ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ या १९३५ साली स्थापन झालेल्या संस्थेने घालून दिला आहे. पेनसिल्व्हानिया राज्यातील हर्शी या गावी शरद ऋतूत भरणारा तिचा मेळावा सर्वश्रुत आहे. पंचवीस वर्षे वयाची कोणतीही मोटार, मग ती राजेशाही असो वा कारकुनाची, तेथे येऊ शकते. प्रत्येकीचे पूर्ण गुण चारशे धरलेले असतात, आणि पंचांच्या तुकडीतील कामाची वाटणी ठरलेली असते : एकाने बाह्यांग पाहावे, दुसऱ्याने अंतर्भाग, तिसऱ्याने चेसिस, चौथ्याने इंजिन, आणि प्रमुखाने सर्वांवर लक्ष ठेवावे. जेथे मूळच्यापासून फारकत दिसेल अथवा झीज दिसेल, तेथे तक्त्यात आधीच नमूद केलेल्या प्रमाणात गुण वजा करावयाचे. इंजिनाच्या पंचाला मोटारीचा रंग कितीही मोहक वाटला तरी त्याच्या पेन्सिलीला त्या प्रांतात अंमल नाही. पंच स्वयंसेवक असले तरी त्यांना पंचगिरीच्या वर्गाला बसावे लागते.

या व्यवस्थेत मला दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, तेथे मोटारीची तुलना शेजारच्या मोटारीशी होत नाही. ती होते एका मानदंडाशी, आणि तो मानदंड म्हणजे विक्रेत्याने पहिल्या ग्राहकाच्या हाती ती ज्या स्थितीत सोपविली असती ती स्थिती. म्हणून एकाच वर्गातील दोन-तीन मोटारी एकाच पारितोषिकास पात्र ठरू शकतात, आणि शेजाऱ्याच्या यशाने आपले सहसा काही हिरावले जात नसल्यामुळे स्पर्धकच एकमेकांना पाने-पेचकस पुरवताना दिसतात. दुसरी अशी की, पहिल्या पायरीवरील पारितोषिक मिळालेली मोटार पुढे वरच्या वर्गात चढते; तोच चषक वर्षानुवर्षे तीच मोटार घेऊन जात आहे आणि नवख्याने नुसते टाळ्या वाजवायला यावे, हा प्रकार तेथे संभवत नाही. नव्या माणसासाठी दार उघडे ठेवणे हीदेखील न्यायाचीच बाजू आहे.

तथापि, केवळ गुण वजा करीत जाणाऱ्या पद्धतीत एक धोका दडलेला असतो. दोष नसणे म्हणजेच गुण असणे, असा समज रूढ झाला की मालक दोषांच्या भयाने मोटारीला इतकी झिलई देतात की, कारखान्यातून बाहेर पडतानाही ती तशी कधी नव्हती. जेथे मूळ निकलचा मुलामा होता तेथे झगझगीत क्रोम येते, आणि साध्या कापडाची जागा उंची चामडे घेते. हर्शीच्या नियमांत अशा अतिरेकाला जादा गुण नाहीत. आणि ज्या मोटारींनी आपला मूळ रंग, मूळ गादी, मूळ यंत्रे जपली आहेत, त्यांच्यासाठी पुनरुज्जीवित मोटारींहून वेगळा वर्ग राखलेला आहे. हा विवेक रुजायला काळ लागला. पेबल बीचसारख्या ठिकाणी, कोणे एके काळी बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे असलेल्या १९३४ सालच्या बुगाटी टाइप ५९ या जतन-वर्गातील मोटारीला सर्वोच्च मान मिळाला तो २०२४ मध्ये, आणि अशा वर्गातील मोटारीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. रंग पुन्हा देता येतो, गादी पुन्हा शिवता येते; परंतु ऐंशी वर्षांचा प्रवास अंगावर वागवणारा पृष्ठभाग एकदा खरवडला की कोणताही कारागीर तो परत आणू शकत नाही, हे सत्य या निर्णयाने मान्य झाले.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली १९६४ पासून चालत आली आहे, आणि मुंबईतही अशा मोटारींचे संमेलन पाहायला आबालवृद्ध लोटतात. परंतु हर्शीचा मानदंड जसाच्या तसा उचलून येथे लावला, तर तो न्याय होईल काय? स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी मोटारी व त्यांचे सुटे भाग यांच्या आयातीवर दीर्घकाळ कडक निर्बंध होते. त्या दिवसांत गावोगावच्या मिस्त्रींनी लेथवर भाग घडवून, एका मोटारीचा अवयव दुसरीला बेतून, बीडाला बीड आणि पितळेला पितळ जोडून ही वाहने जिवंत ठेवली. संस्थानिकांच्या कित्येक मोटारींवर शिकारीसाठी किंवा समारंभासाठी फर्मायशी सांगाडे चढविले गेले, आणि कारखान्याच्या कागदपत्रांत त्यांचा मागमूसही सापडत नाही. अशा मोटारीत ‘मूळ’ काय समजावे? जे परदेशातील कारखान्याने घडविले ते, की ज्या रूपात ती येथे साठ-सत्तर वर्षे नांदली ते?

कायद्याने आपल्यापुरते उत्तर दिले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, व्यापारी वापरात नसलेल्या आणि चेसिस, सांगाडा व इंजिन यांत भरीव फेरफार न झालेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते, व त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. परंतु सरकारी दप्तराला जे पुरते ते पंचाला पुरत नाही. माझी सूचना अशी की, आपल्या मेळाव्यांनी ‘मूळ’ या शब्दाची आपली व्याख्या आगाऊ लिहून प्रसिद्ध करावी. मालकाने जुने छायाचित्र, नोंदणीचे पुस्तक, दुरुस्तीची बिले असा काही दाखला पुढे केला, तर त्या काळी झालेला फेरफार मोटारीच्या चरित्राचा भाग मानावा; दाखला नसेल तर गुण कापावेत. नवी दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात १९१४ सालचा जॉन मॉरिस बनावटीचा आगीचा बंब आहे. तो पूर्वी निझाम स्टेट रेल्वेच्या सेवेत होता, म्हणजे आपल्या मराठवाड्यातून जाणाऱ्या लोहमार्गाशी त्याचे जुने नाते. असा बंब रॅलीत रस्त्यावरून धावताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वाहनाच्या चाकरीचा इतिहास हाही गुण का मानावा हे निराळे सांगावे लागत नाही.

आता पंचाच्या आचरणाविषयी. निकष कितीही काटेकोर असले तरी ते चालविणारा माणूसच असतो. ज्या मोटारीच्या दुरुस्तीत आपला हात होता, अथवा जिचा मालक आपला सोयरा किंवा व्यवहारातील भागीदार आहे, तिच्या निवाड्यातून त्याने आपण होऊन बाजूला व्हावे. पहिल्या मोटारीला वीस मिनिटे आणि उन्हे चढल्यावर शेवटच्या मोटारीला पाच, असे घडू देऊ नये. मालकाच्या परवानगीवाचून दाराला हात लावू नये. बॉनेट त्यालाच उघडू द्यावे. आपल्याला एखाद्या बनावटीची माहिती नसेल तर ती मालकालाच विचारण्यात कमीपणा नाही. हौशी पंचाचे खरे भांडवल म्हणजे हे शिकण्याचे औत्सुक्यच होय. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कापलेल्या प्रत्येक गुणाचे कारण त्याने लिहून ठेवावे आणि मागितल्यास सांगावे.

शेवटच्या मुद्द्याची महती मला एका प्रसंगाने पटली. एका मेळाव्यात एक वयोवृद्ध गृहस्थ आपली फियाट घेऊन आले होते. वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, त्यांच्या वडिलांनी घेतलेली ती मोटार. निकालात त्यांचे नाव नव्हते, आणि त्याचे त्यांना दुःखही नव्हते. ‘पण काय चुकलं तेवढं तरी सांगा ना,’ असे ते ज्याला त्याला विचारीत हिंडत होते, आणि तक्ते आधीच गुंडाळून ठेवले गेल्यामुळे कोणीच त्यांना काही सांगू शकत नव्हते. हार माणूस पचवतो; अकारण हार मात्र त्याला सलत राहते. ते पुढच्या वर्षी आले नाहीत. त्यांची मोटार पाहण्याच्या आनंदाला त्या वर्षी शेकडो लोक मुकले, आणि त्याचे कारण केवळ एक न सांगितलेले वाक्य होते.

आनंदाच्या वाटा रुंद करण्याचे उपाय अवघड नाहीत. पंचांच्या निवाड्याजवळच प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक असावे, परंतु त्याचा हिशेब निराळा ठेवावा, म्हणजे लोकप्रियता आणि अस्सलपणा यांची गल्लत होणार नाही. इंग्लंडमध्ये २०१४ पासून ‘फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल’ या नावाने सामान्य, रोजच्या वापरातील मोटारींचा मेळावा भरतो. कोणी जपून ठेवण्याजोगी मानली नव्हती अशी मोटार ज्याने निष्ठेने जपली, त्याचा तेथे गौरव होतो. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीने २०२३ साली निरोप घेतला, तेव्हा कितीजणांचा गळा दाटून आला! असा वर्ग आपल्याही मेळाव्यात असला, तर संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसशेजारी एखाद्या शिक्षकाची फियाटही ताठ मानेने उभी राहील, आणि तिच्याभोवती ‘आमच्याकडेही हीच होती’ म्हणणाऱ्यांची गर्दी जमेल.

शेवटी निवाड्याचा कागद हाच या साऱ्याचा सारांश होय. नीट लिहिलेला तक्ता मालकाच्या हाती आला, तर तो मोटारीच्या जुन्या कागदपत्रांत जाऊन बसतो : डाव्या दिव्याची काच मूळ नमुन्याची नाही, वायरिंगवरील वेष्टण त्या काळचे नाही, मागच्या मडगार्डवर रंगाचा थर जाड आहे. तो वाचून मालक सोमवारी संध्याकाळीच मिस्त्रीला निरोप धाडतो, जुन्या बाजारात काच शोधीत फिरतो, आणि त्या शोधात त्याला आणखी दोन समानधर्मी भेटतात. ज्या निवाड्याने हरलेल्या माणसाच्या हाती पुढच्या वर्षाचे काम दिले, आणि ते काम करण्याची उमेदही दिली, तो निवाडा न्याय्य झाला असे मी समजतो.