‘डिसर्न’ या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ व त्याचे तुर्की पर्याय

महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. तेव्हापासून खेड्यातील शिक्षकास इंग्रजी शब्दकोश उघडण्याचे प्रसंग पुष्कळ वाढले. कोशात ‘डिसर्न’ हे क्रियापद पाहिले असता त्यापुढे बहुधा ‘ओळखणे, जाणणे, भेद करणे’ असे पर्याय एका ओळीत दिलेले आढळतात. हे तीन अर्थ एकच नव्हेत, आणि त्यांतील तिसरा तर शिक्षकास चकविणारा आहे. म्हणून या शब्दाचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे वाटते.

हा शब्द मूळचा लॅटिन. त्यातील मूळ धातूचा अर्थ चाळणे असा आहे. चाळणीतून धान्य खाली पडावे व खडे वर राहावेत, तसे मनाने एका वस्तूपासून दुसरी निराळी काढणे, असा त्याचा भाव. आपल्या ‘विवेक’ या शब्दाची घडणही अगदी अशीच आहे. संस्कृतातील ‘विच्’ या धातूचा अर्थ वेगळे करणे, पाखडून कोंडा निराळा काढणे असा होतो. ज्या घरात सूप आहे त्या घरातील मुलास हा अर्थ सांगण्यास शब्दकोशाची गरज नाही. आई जवारी पाखडते ते दाखविले की पुरे.

मात्र इंग्रजीत आज ‘डिसर्न’ म्हणजे प्रत्यक्ष वेगळे करणे नव्हे. अंधुक उजेडात दूरच्या मनुष्याची आकृती दिसू लागणे, बोलणाऱ्याच्या मनातील हेतू ताडणे, कापूस चिमटीत धरून त्याच्या धाग्याची लांबी पारखणे, या सर्व ठिकाणी तो चालेल. सहज दिसणाऱ्या गोष्टीस तो शोभत नाही. काही प्रयास पडून जे कळते, त्यासाठीच तो आहे.

आता तुर्की भाषेकडे वळू. वऱ्हाडातील शिक्षकास तुर्कीशी काय कर्तव्य, अशी शंका येईल. परंतु आपल्या नित्याच्या बोलण्यातील एका शब्दाचा सख्खा भाऊ त्या भाषेत नांदत आहे. ‘फरक’ हा शब्द मूळचा अरबी. अचलपूरच्या इमादशाहीपासून मोगल व निजाम यांच्या अमलापर्यंत वऱ्हाडात फारशीचा वावर होता. त्या फारशीच्या द्वारे तो मराठीत रुळला. तिकडे तोच शब्द तुर्कीत ‘फार्क’ झाला. तुर्कीत नामास ‘एत्मेक’, म्हणजे करणे, जोडून क्रियापद बनवितात. आपण ‘विचार करणे’ म्हणतो तसेच हे. ‘डिसर्न’ला तुर्कीत ‘फार्क एत्मेक’ म्हणतात.

शब्दशः हे ‘फरक करणे’ झाले. पण अर्थ पाहा. तुर्क मनुष्य ‘फार्क एत्मेक’ म्हणतो तेव्हा त्याला ‘लक्षात येणे, नजरेस येणे’ असे म्हणावयाचे असते. मराठीत मात्र ‘मुलामुलींत फरक करणे’ म्हणजे एकास जवळ व दुसऱ्यास दूर करणे. शब्द एक, घडण एक. तिकडे तो पाहण्याचा आहे व इकडे वागण्याचा. (‘फरक पडत नाही’ या अर्थी तुर्कीतही ‘फार्क एत्मेझ’ म्हणतात, ही गंमत जाता जाता सांगण्याजोगी आहे.)

‘सेच्मेक’ हा दुसरा तुर्की पर्याय. त्याचा मूळ अर्थ निवडणे, आणि निवडणुकीचा तुर्की शब्दही त्याच धातूपासून झाला आहे. धुक्यातील नाव डोळ्यांस दिसू लागली तरी हेच क्रियापद वापरतात. तिसरा पर्याय ‘आयर्त एत्मेक’, म्हणजे एकापासून दुसरे वेगळे ओळखणे. याच धातूपासून ‘आय्रम्जलक’ हा शब्द निघाला असून त्याचा अर्थ पक्षपाती भेदभाव. इंग्रजीतही ‘डिसर्न’चाच भाऊबंद ‘डिस्क्रिमिनेट’ दोन्हीकडे चालतो. चोखंदळ रसिकाची स्तुती त्याने होते, आणि अन्यायाचे नावही तेच. आपल्या संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात इंग्रजीत हाच शब्द आहे व मराठीत त्यास ‘भेदभाव’ म्हटले आहे. अमरावतीस १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी चळवळ झाली, ती या दुसऱ्या अर्थाविरुद्ध होती. तिच्याशी निगडित असलेले डॉ. पंजाबराव देशमुख पुढे संविधान सभेचे सभासद झाले. अशा शब्दास ‘भेद करणे’ एवढाच एक प्रतिशब्द फळ्यावर लिहून देणे बरे नव्हे.

भेद ओळखणे व भेद करणे यांतील अंतर वर्गात रोज प्रत्ययास येते. आपल्याकडील मूल ‘डोळा’ या शब्दाचा उच्चार ‘डोया’ करते व तसेच लिहिते. ही त्याच्या घरची वऱ्हाडी बोली होय. त्यात बुद्धीची उणीव नाही. ज्या ‘लीळाचरित्रा’च्या नावातच ळ आहे, तो ग्रंथ याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचा, हेही विसरू नये. अशा मुलास मंद समजून मागच्या रांगेत बसविणारा शिक्षक भेद करतो. त्याला अक्षर येत नाही, की दोन ध्वनी कानास निराळे लागत नाहीत, हे ताडणारा शिक्षक भेद ओळखतो. ‘डिसर्न’चा खरा अर्थ तो हा दुसरा.

त्यासाठी पुढील पाठ घेऊन पाहावा. ‘माळ’ व ‘माय’, ‘गाळ’ व ‘गाय’, ‘काळा’ व ‘काया’ अशा जोड्या निवडाव्यात. वऱ्हाडी उच्चारात या जोड्या एकरूप होतात, म्हणूनच त्या उपयोगी. मुलांपुढे जवारीचे दाणे व दोन वाट्या ठेवाव्यात. शिक्षकाने तोंडापुढे वही धरून, म्हणजे ओठांची हालचाल दिसू न देता, एकेक शब्द स्पष्ट उच्चारावा. ळ ऐकू आल्यास मुलाने दाणा डाव्या वाटीत टाकावा, य ऐकू आल्यास उजव्या. दहा शब्दांनंतर दाणे मोजावेत. ज्याचे दाणे चुकले त्यास प्रथम ऐकण्याचाच सराव द्यावा, लेखन आठवडाभर थांबले तरी चालेल. ज्याचे दाणे बरोबर पडले व तरीही जो ‘डोया’ लिहितो, त्याचा कान तयार आहे. त्यास ळ गिरवावयास द्यावा. घरी बोलताना ‘डोया’ म्हटल्याबद्दल मात्र दोघांपैकी कोणासही टोकू नये.