ओळखीआधी काम दिसू द्या

संग्रहालयाची वाट : लेखांक ६

संग्रहालयशास्त्राचं शिक्षण कुठे मिळतं, ते मागच्या लेखांकात पाहिलं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विषय १९५२ पासून शिकवला जातो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पदविका अभ्यासक्रम आहे. पदविका हाती आली की विद्यार्थ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आमची या क्षेत्रात कुणाशीच ओळख नाही, मग कसं व्हायचं?’

सरकारी पदांची जाहिरात निघते, परीक्षा होते. पण बहुतेकांची सुरुवात छोट्या, मुदतीच्या कामांनी होते. कुठे वस्तूंची नोंदणी, कुठे छायाचित्रण, कुठे प्रदर्शनासाठी संशोधन-साहाय्य. अशा कामांची बातमी अनेकदा माणसांकडूनच कळते. कोणत्या माणसांकडून, हे समजून घेण्यासारखं आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांशी बोलून याचा शोध घेतला. बातमी देणाऱ्याशी वरचेवर भेट होती अशी माणसं शंभरात जेमतेम १७ निघाली. उरलेल्यांची ओळख अधूनमधून भेटण्याची, नाहीतर अगदीच क्वचित भेटीची होती. १९७३ सालच्या त्याच्या निबंधाने ‘दुबळ्या धाग्यांचं बळ’ ही कल्पना मांडली. जिवाभावाच्या मित्रांना बहुधा आपल्याला माहीत असलेलंच ठाऊक असतं. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते. पुढे लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवर पाच वर्षं झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. अगदी घट्ट नाही आणि अगदी तुटकही नाही, अशी मधली ओळख नोकरीसाठी सर्वाधिक उपयोगी पडते, असं त्यात दिसलं. ज्याच्या घरात कुणी या क्षेत्रात नाही, त्याने यातून धीर घ्यावा. असे धागे जन्माने मिळावे लागत नाहीत, ते विणता येतात.

ते विणायचे कामाच्या आधाराने. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचंच उदाहरण घेऊ. हे प्राचीन तगर. इथला माल गाड्यांनी भडोच बंदराकडे जात असे, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथल्या शासकीय संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचं साम्य असलेली दुसरी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईला सापडली. ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तेरजवळच्या एखाद्या विद्यार्थिनीने दालनात तासभर उभं राहून मूर्तीचं केशभूषेपासून पायापर्यंत निरीक्षण केलं, पाँपेईच्या मूर्तीशी साम्य कुठे आणि फरक कुठे हे दीडशे शब्दांत लिहिलं आणि ते लिंक्डइनवर मराठी-इंग्रजीत ठेवलं, तर ते वाचण्याचं कारण नेपल्सच्या अभ्यासकालाही आहे. नंतर तिने त्याला एखादा नेमका प्रश्न विचारला, तर उत्तराची आशा धरता येते. ‘सर, काही काम असेल तर सांगा’ या निरोपाला तशी आशा फार कमी.

आपल्या माहितीचं पानही वस्तूच्या नोंदकार्डासारखं लिहा. चांगल्या कार्डावर ‘सुंदर मूर्ती’ असं नसतं. माध्यम, मापं, प्राप्तिस्थान, सद्यस्थिती असते. तसंच ‘वारशाची आवड’ याने काही कळत नाही. ‘२०० मृद्भांड्यांची नोंद व छायाचित्रण केलं, मोडी वाचता येते’ या एका ओळीत आपण काय करू शकतो ते समोरच्याला कळतं. मोडी, फारसी, जुन्या नाण्यांची जाण यांची आपल्याकडच्या संग्रहांत खरी गरज आहे. अशी जाण संकोचाने लपवू नका. मात्र न केलेलं काम लिहू नका. हे जग इतकं लहान आहे की एका फोनवर खरंखोटं होतं.

समव्यावसायिक भेटण्याची दुसरी जागा म्हणजे आयकॉम, १९४६ साली स्थापन झालेली संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद. तिचं विद्यार्थी सदस्यत्वही असतं. संवर्धन, दस्तऐवजीकरण, शिक्षण अशा विषयांच्या तिच्या स्वतंत्र समित्या आहेत. सगळीकडे नाव घालण्यापेक्षा आपल्या विषयाची एकच समिती धरा, चर्चा वाचत राहा आणि सांगण्यासारखं असेल तेव्हा बोला.

एक पथ्य मात्र कधीच मोडायचं नाही. उमेदवारी करताना भांडारातल्या वस्तूंचे, दुरुस्तीला उघडलेल्या चित्रांचे फोटो लेखी परवानगीशिवाय टाकायचे नाहीत. मौल्यवान वस्तू कुठल्या कपाटात आहे हे फोटोच्या कडेवरूनही कळू शकतं. आपल्या हाती दिलेली वस्तू समाजाची ठेव आहे; तिची सुरक्षितता आपल्या प्रसिद्धीच्या कितीतरी वर आहे. जबाबदार अभिरक्षक उमेदवाराची हीच पारख आधी करतो.

या आठवड्यासाठी एक काम देतो. आपल्या जिल्ह्यातल्या संग्रहालयात जा, जिच्यापुढे फारसं कुणी थांबत नाही अशी एक वस्तू निवडा, वही घेऊन तिच्यापुढे अर्धा तास बसा. जे दिसलं तेच दीडशे शब्दांत लिहा आणि आपल्या पानावर ठेवा. मग त्या विषयावर लिहिणाऱ्या एका अभ्यासकाला त्या वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारा.

पुढच्या लेखांकात : उमेदवारीचा पहिला महिना आणि भांडारातल्या नोंदवहीची ओळख.