गिऱ्हाईक घाईत आणि ट्यूब पंक्चर

मोटारसायकल सवड बघून पंक्चर होत नाही. दूधवाल्याला डेअरीची वेळ गाठायची असते, विद्यार्थ्याचा पेपर असतो, सुताची बाचकी बांधून निघालेल्या विणकराला बाजार उठण्यापूर्वी पोहोचायचे असते. असा माणूस घामाघूम होऊन गाडी ढकलत आपल्या दुकानाशी येतो आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, ''चाचा, पंधरा मिनिटांत होईल ना?'' आपले बहुतेक व्यवसाय बांधव ''बसा, होईल'' म्हणतात, आणि होतेही. पण ही मिनिटे कुठून वाचवायची आणि कुठून मुळीच वाचवायची नाहीत, हे कळणाऱ्या कारागिराकडेच ते गिऱ्हाईक पुन्हा येते.

सर्वांत जास्त वेळ खाते ते चाक काढणे. मागच्या चाकाची चेन, ब्रेकचा रॉड, ॲक्सलचा नट, नंतर पुन्हा चेनचा ताण जुळवणे, यातच अर्धा वेळ जातो. म्हणून जाणते उस्ताद गाडी डबल स्टँडवर घेतात, चाक हाताने सावकाश फिरवून खिळा शोधतात आणि त्या जागी खडूची खूण करतात. मग टायरची एकच कड पट्टीने उचलून ट्यूब बाहेर ओढतात. चाक जागेवरच राहते. वॉल मुळापासून फाटला असेल तर मात्र ठिगळाच्या नादी लागू नये, नवी ट्यूबच टाकावी. हवा कमी असताना गाडी पळवली की ट्यूब टायरमध्ये सरकते आणि वॉल तुटतो, हे गिऱ्हाइकालाही समजावून सांगावे.

त्याहीआधी वॉलपिनवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून पाहावा. बुडबुडा आला तर पिन घट्ट करावी किंवा बदलावी. अशा वेळी पंक्चरचे पैसे घेणे योग्य नाही, हे वेगळे सांगायला नको.

आता जिथे घाई करायची नाही ते पाहू. छिद्राभोवतीचा भाग कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून त्याची चकाकी घालवावी, धूळ पुसावी आणि सोल्यूशनचा पातळ थर पॅचपेक्षा थोड्या मोठ्या जागेवर लावावा. सोल्यूशन म्हणजे द्रावकात विरघळवलेले रबर. हा द्रावक उडून जायला तीन ते पाच मिनिटे लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. बोट लावल्यावर ओले लागले नाही, नुसते चिकटसर वाटले, की पॅच बसवावा आणि मधून कडेकडे दाबत जावे. ओल्यावरच पॅच चिकटवला तर द्रावक खाली अडकतो. दुकानात सारे ठीक दिसते, पण चाक तापले की पॅच सरकतो. तोवर गिऱ्हाईक आठ-दहा किलोमीटर पुढे गेलेले असते.

सोल्यूशन वाळते तेवढ्या वेळात दुसरे काम उरकावे. जाड फडके हाताला गुंडाळून टायरच्या आतून फिरवावे. खिळा, चूक किंवा बाभळीचा काटा आतच राहिला तर नवा पॅच गल्ली ओलांडण्याआधी जातो. ट्यूबवरचे छिद्रही पुष्कळ सांगते. बाहेरच्या बाजूला असेल तर रस्त्यावरचा खिळा. आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमपट्टी सरकून तारेचे टोक टोचले आहे. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळून ट्यूब चिमटली आहे. तारेचे टोक न घासता दिलेला पॅच म्हणजे गिऱ्हाइकाकडून दुसऱ्यांदा पैसे घेण्याची तयारीच.

सहीह मुस्लिममधील धान्याच्या ढिगाची हदीस आपल्या वाचकांना ठाऊक आहे. प्रेषितांनी (स.) बाजारात ढिगात हात घातला, तो बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे मालकाने सांगितले. तेव्हा भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले. आपल्या धंद्यात तर सगळेच काम टायरच्या आत झाकले जाते. म्हणून काढलेला खिळा गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवावा, पॅच पाण्यात बुडवून त्याच्यासमोर दाखवावा, ट्यूब बदलली तर जुनी त्याला परत द्यावी. दर फलकावर लिहावेत, आणि रात्रीचे जादा घेत असाल तर तेही लिहावे. रस्त्यावर खिळे टाकणाऱ्यांमुळे सगळ्याच दुकानांवर संशय येतो. तो अशाच वागण्याने कमी होतो.

गरम पॅच जास्त टिकतो, कारण उष्णता आणि दाबामुळे कच्चे रबर ट्यूबशी एकजीव होते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर पक्के करण्याची युक्ती शोधली, तीच आपल्या छोट्या मशीनमध्ये चालते. वेळ असेल तर गिऱ्हाइकाला हा पर्याय सुचवावा. मात्र मशीनवरून ट्यूब काढली की ती पूर्ण थंड होऊ द्यावी.

ट्यूब परत घालताना तिच्यात थोडी हवा भरावी, शंखजिऱ्याची पूड लावावी आणि टायरची शेवटची कड वॉलजवळ बसवावी. समोरची कड रिमच्या खोलगट भागात दाबून धरली तर पट्टीला जोर लागत नाही. पट्टीखाली ट्यूब चिमटून होणारे पंक्चर हे नवशिक्या शागिर्दाचे नेहमीचे काम आहे. हवा कंपनीने गाडीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे, मापक लावूनच भरावी.

एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधानांनी हिसारच्या सभेत मुस्लिम तरुण आणि सायकलचे पंक्चर यांची सांगड घातली, त्यावर पुष्कळ बोलले गेले. हातच्या कामाची लाज बाळगण्याचे कारण नाही. काळजी वेगळीच आहे. अलॉय चाकांच्या नव्या गाड्यांत ट्यूबलेस टायर आले, त्यांचे पंक्चर धाग्याने पाच मिनिटांत निघते आणि हे काम पेट्रोल पंपावरही होते. तरी तारेच्या चाकांच्या बहुतेक गाड्यांत, जुन्या स्प्लेंडरपासून बुलेटपर्यंत, ट्यूबच आहे, आणि खेड्यापाड्यांत अशा गाड्या पुष्कळ आहेत. तेव्हा ट्यूबलेसचे किट घ्यावे, मुलाला तेही शिकवावे. सोबत २.७५-१८ आणि ३.००-१८ मापाच्या दोन-दोन नव्या ट्यूब दुकानात असू द्याव्यात. त्या उन्हात टांगू नयेत आणि पेट्रोलच्या डब्याजवळ ठेवू नयेत. रबर तिथेच खराब होते.