व्यवसाय आणि काव्याची जोपासना

धंद्याच्या व्यापांत काव्य, चित्र, नृत्य यांसाठीं सवड कोठली, असें पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ विचारतात. वाशीम जिल्ह्याचा इतिहास या प्रश्नास दोन उत्तरें देतो.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. इ. स. च्या ४ थ्या शतकांत तेथें राज्य करणाऱ्या वाकाटक सर्वसेनानें राज्यकारभार सांभाळून 'हरिविजय' हें प्राकृत काव्य रचिलें. आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोकां'त त्याचा गौरवानें उल्लेख केला. परंतु त्याची संपूर्ण पोथी टिकली नाहीं. इतर ग्रंथकारांनीं उद्धृत केलेले श्लोकच तेवढे उरले.

याच जिल्ह्यांतील कारंजें ही जुनी व्यापारी पेठ. तेथील जैन व्यापाऱ्यांनीं आपली दुकानदारी सांभाळून मंदिरांतून ग्रंथभांडारें राखिलीं. १० व्या शतकांतील पुष्पदंत कवीचीं अपभ्रंश काव्यें त्या पोथ्यांत सुरक्षित राहिलीं. पुढें 'जसहरचरिउ' कारंजा जैन ग्रंथमालेंत १९३१ सालीं छापून निघालें, आणि 'णायकुमारचरिउ'ही १९३३ सालीं छापून निघालें.

राजाचें काव्य हरपलें, व्यापाऱ्यांनीं राखलेलें काव्य वांचलें. ज्यास प्रतिभा आहे त्यानें रचावें. ज्यास नाहीं त्यानें रचलेलें जपावें. जमाखर्चाच्या वहीशेजारीं एका पोथीपुरती जागा करणें कोणत्याही व्यवसायांत अशक्य नाहीं.