मेटल शोधायचं तर ड्रमरमागे जा

कॉलेजात मेटॅलिका आणि आयर्न मेडनची पारायणं केलेल्या आणि आता चाळिशी ओलांडलेल्या मंडळींची एक ठाम समजूत असते की मेटलमध्ये आता नवं काही येत नाही. फोनमधलं गाण्यांचं अ‍ॅप या समजुतीला खतपाणी घालतं. मेटॅलिका लावलं की ते मेगाडेथ सुचवतं, मेगाडेथनंतर स्लेयर, आणि स्लेयरनंतर फिरून मेटॅलिका. अ‍ॅपचाही फार दोष नाही. असंख्य लोक जे सोबत ऐकतात ते शेजारीशेजारी मांडायचं, हाच त्याच्या हिशेबाचा मोठा भाग. ज्या बँडला अजून शंभर श्रोतेही मिळालेले नाहीत, तो या हिशेबात येणार कुठून?

तेव्हा अ‍ॅप बाजूला ठेवावं आणि श्रेयनामावली वाचावी. आवडलेला अल्बम कुणी वाजवला, कुणी ध्वनिमुद्रित केला, कुठल्या कंपनीने काढला हे बघायचं आणि त्या नावांचा माग काढायचा. मेटलमध्ये ही युक्ती हमखास लागू पडते, कारण इथे पैसा बेताचा आणि चांगले ड्रमर मोजके. एकच तबलजी आज या गवयाला, उद्या त्या गायिकेला साथ करतो, तसा इथला ड्रमर दोन-तीन बँडांत असतो. ते बँड एकाच शैलीतले असतील असंही नाही, आणि आपला फायदा तिथेच.

एक अल्बम घेऊन हे करून पाहू. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात ब्लड इन्कँटेशन नावाचा डेथ मेटल बँड आहे. २०२४च्या ऑक्टोबरात त्यांचा ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ आला. दोनच रचना, प्रत्येकी साधारण वीस मिनिटांची, आणि प्रत्येकीचे तीन भाग. घशाच्या तळातून काढलेला घोगरा आवाज आणि अंगावर धावून येणारे ड्रम चालू असतानाच मध्येच सगळं विरतं, आणि सत्तरच्या दशकातल्या जर्मन सिंथेसायझरसारखे लांबलचक स्वर पसरायला लागतात. हे ‘सारखे’ उगाच नाही. ध्वनिमुद्रण बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झालं, आणि पाहुणा म्हणून त्याच जर्मन परंपरेतल्या टँजरिन ड्रीम या बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग वाजवायला बसला होता.

आता नावं. ड्रमर आयझॅक फॉल्क. तो डेन्व्हरच्याच वेफेअरर या बँडातही वाजवतो. तिथे ब्लॅक मेटल आहे, पण अमेरिकी पश्चिमेच्या ओसाड माळरानांचं, जुन्या काउबॉय चित्रपटांच्या पार्श्वसंगीताची छाया असलेलं. गिटारवाले पॉल रीडल आणि मॉरिस कोलोंतिर्स्की हे दोघे स्पेक्ट्रल व्हॉइसमध्ये सापडतात. तो डेथ आणि डूम यांच्या सीमेवरचा बँड. त्यांचा ‘स्पॅराग्मॉस’ही २०२४चाच. लय इतकी संथ की दोन ठोक्यांच्या मध्ये आपण वाट बघत राहतो.

निर्माता आर्थर रिझ्क. हे नाव लिहून ठेवण्यासारखं. डॅलसच्या पॉवर ट्रिपचा ‘नाइटमेअर लॉजिक’ (२०१७) त्याच्या हातून गेलेला, आणि तो अस्सल थ्रॅश आहे. जुन्या मेटॅलिकावर वाढलेल्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी. रिझ्क स्वतः समरलँड्समध्ये गिटार वाजवतो, आणि इटर्नल चँपियनमध्येही तो आहे. हे दोन्ही बँड ऐंशीच्या दशकातल्या घाटाचं, स्वच्छ गळ्याने गायलेलं हेवी मेटल करतात, आणि दोघांचेही अल्बम या दशकात आलेले आहेत. म्हणजे एका अल्बमच्या श्रेयनामावलीतून डेथ, ब्लॅक, डूम, थ्रॅश आणि पारंपरिक हेवी मेटल अशा पाच वाटा निघाल्या.

शैलींच्या नावांचं फार अवडंबर करू नये, पण कानाला सवय असलेली बरी. तार तळहाताच्या कडेने दाबून तुटक, वेगात वाजवलेली गिटार आली की थ्रॅश. गुरगुरता आवाज आणि खाली उतरवलेलं ट्यूनिंग म्हणजे बहुधा डेथ. एकाच सुरावर पिकचा अखंड कंप, वर किंकाळी आणि मुद्दाम खरखरीत ठेवलेलं ध्वनिमुद्रण असेल तर ब्लॅक. सगळं मंदावलं की डूम. बाकीच्या बऱ्याच उपशैली या चौघांच्या सरमिसळीतून किंवा बाहेरच्या कलमातून आलेल्या. त्यांची नावं पाठ करण्यात वेळ घालवू नये.

नावं सापडायची कुठे? एन्सायक्लोपीडिया मेटॅलम हा कोश २००२पासून चालू आहे आणि त्यात दीड लाखाहून जास्त बँडांची नोंद आहे. वादकाच्या नावावर टिचकी मारली की त्याचे आजवरचे सगळे बँड समोर येतात. येऊ घातलेल्या अल्बमांची यादीही तिथेच मिळते. कोशाचे संपादक मात्र भलतेच सोवळे. स्लिपनॉटला त्यांनी वर्षानुवर्षं उंबरठ्याच्या आत घेतलं नाही. ऐकायला आणि विकत घ्यायला बँडकँप. तिथे अल्बमखाली तो घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. आपल्याला आवडलेले दोन अनोळखी अल्बम ज्याच्याकडे आहेत, अशा माणसाचा संग्रह उघडून बघावा. कुठल्याही अ‍ॅपपेक्षा त्याची शिफारस भरवशाची निघते. शहराच्या नावानेही शोधता येतं.

अल्बम बहुतेक शुक्रवारी येतात, आणि काही आठवडे आधी एखाददुसरं गाणं मोकळं सोडलेलं असतं. ते पकडायचं तर छोट्या कंपन्यांवर नजर ठेवावी: ट्वेंटी बक स्पिन, प्रोफाउंड लोअर, डार्क डिसेंट. आणि आपल्या मुंबईची ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी. कुणाल चोक्सी यांच्या या कंपनीच्या यादीत बहुतेक बँड परदेशी आहेत, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. महोत्सवांच्या पोस्टरवर वरची मोठी अक्षरं सोडून द्यावी आणि तळाच्या बारीक ओळी वाचाव्यात. तिथले बँड चार-पाच वर्षांनी मधल्या ओळीत आलेले दिसतात.

माग काढताना एक काळजी घ्यावी, विशेषतः ब्लॅक मेटलमध्ये. या शैलीच्या एका कोपऱ्यात उघड नाझीवादी बँड आहेत आणि त्यांचं संगीत ऐकून ते कळतंच असं नाही. कंपनीची बाकीची यादी पाहिली, सभासदांचे दुसरे बँड पाहिले की बहुधा उलगडा होतो. पैसे त्यानंतर द्यावेत.

सुरुवात घराजवळून करायची असेल तर मुंबईच्या साहिल मखिजापासून करता येईल. डेमॉनिक रिझरेक्शनचा हा संस्थापक; विष्णूच्या दहा अवतारांवर त्यांचा ‘दशावतार’ २०१७ साली आला. डेमनस्टीलर या नावाने तो एकट्याचेही अल्बम काढतो. २०२३च्या ‘द प्रोपगंडा मशीन’वर त्याने बाहेरचे ड्रमर बोलावले, त्यांतला एक जर्मनीचा हानेस ग्रॉसमन. ग्रॉसमनचा स्वतःचा बँड अल्कलॉइड, गुंतागुंतीच्या प्रोग्रेसिव्ह डेथ मेटलचा. अल्कलॉइडचा गायक मोरिअन डार्क फोर्ट्रेस या ब्लॅक मेटल बँडातही गायलेला आहे, आणि एरवी तो वाद्यवृंदांसाठी रचना करणारा शास्त्रीय संगीतकार आहे. तिथून पुढची वाट मेटलच्या बाहेर जाते.