नळी पाहून काडतूस

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. पिस्तुलाच्या बाबतीत हाच नियम सांगावयाचा तर, नळी पाहून काडतूस निवडावे, असे म्हणावे लागेल. कामगार संघटनेच्या माणसाने पिस्तुलावर बोलावे याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. परंतु काडतूस हे मुळात एक लहानसे इंजिन आहे. त्यात इंधन आहे, वायूचा दाब आहे आणि दाबाने पुढे ढकलला जाणारा दट्ट्या, म्हणजे गोळी, आहे. कोणते इंजिन कोणत्या कामास जोडावे, हा प्रश्न यंत्राशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

ज्या पिस्तुलाविषयी बोलावयाचे आहे ते प्रामुख्याने अमेरिकेतले. तेथील कुरणांत वुडचक नावाचा घुशीसारखा प्राणी बिळे करून शेतकऱ्यांस त्रास देतो. पश्चिमेकडील माळांवर प्रेअरी डॉग असतात, जे नावाने कुत्रे पण जातीने खारीचे भाऊबंद आहेत. अशा उपद्रवी जनावरांवर दुरून नेम धरावयाचा आणि एरवी लक्ष्यावर सराव करावयाचा, या दोन कामांसाठी सुमारे दहा इंच नळीचे पिस्तूल तेथे वापरले जाते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीस बंदी आहे. म्हणून पहिले काम आपल्यापुढे नाही; त्यातले शास्त्र मात्र सर्वांचे आहे.

प्रथम मापे पाहू. .२२ म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यांतील बावीस. गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. आपला जुना तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे ४५ ग्रेनांची गोळी बरोबर पाव तोळ्याची झाली.

या घराण्यातील सर्वांत ओळखीचे काडतूस म्हणजे १८८७ मध्ये निघालेले .२२ लाँग रायफल. त्याची गोळी ४० ग्रेनांची असते. टोपीतील स्फोटक वेगळे न ठेवता पितळी पुंगळीच्या काठातच भरलेले असते आणि तो काठ चेपून ठिणगी पाडतात. त्यामुळे पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, तो फार दाब सोसत नाही आणि चेपलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. पण हे काडतूस स्वस्त आहे, त्याचा धक्का नगण्य आहे आणि ते अतिशय अचूक आहे. लक्ष्यवेधाच्या काडतुसाचा वेग मुद्दामच ध्वनीच्या वेगाहून कमी, सेकंदास सुमारे १,०५० फूट, ठेवतात. कारण ध्वनीचा वेग ओलांडलेली गोळी वाटेत पुन्हा त्याखाली येताना डळमळू शकते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले ते याच जातीच्या काडतुसाने. आणि रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी केलेल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले तेही याच काडतुसाने. तेव्हा लहान म्हणून त्यास कोणी हिणवू नये.

मग मोठे काडतूस हवे कशास? अंतरासाठी. हळू जाणारी ही गोळी शंभर यार्ड जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून सुमारे दीड फूट खाली येते. अंतराचा अंदाज थोडा चुकला की नेम चुकला. शिवाय ती कठीण जमिनीवर आपटून भलतीकडे उसळते. ताशीव वेगाची हलकी गोळी तेवढ्याच अंतरात तीनेक इंचच उतरते आणि आपटताच बहुधा फुटून जाते. माळावर दूर कोणाची गुरे किंवा घर असू शकते, तेथे हा फरक जीवनमरणाचा ठरतो.

वेग हवा म्हणून कोणी म्हणेल, रायफलचे मोठे काडतूसच पिस्तुलात घाला. रेमिंग्टन कंपनीने एक्सपी-१०० हे एकगोळी पिस्तूल घडवताना हेच करून पाहिले. १९५० मध्ये तिनेच काढलेले .२२२ रेमिंग्टन हे काडतूस तिने आधी निवडले. ते रायफलच्या लांब नळीसाठी बांधलेले. लांब नळीत वायूला पसरण्यास वाव मिळतो आणि तो गोळीस शेवटपर्यंत ढकलत राहतो. साडेदहा इंचांत वायू अजून जोरात असतानाच नळी संपते. मग उरलेला जोर जाळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज होऊन तोंडाशी फुकट जातो. कारागिरांनी तेव्हा पुंगळीच आखूड केली : १.७ इंचांची १.४ इंच, म्हणजे कपात जेमतेम पाऊण सेंटिमीटरची. हे .२२१ फायरबॉल पिस्तुलाबरोबर १९६३ मध्ये बाजारात आले. ५० ग्रेनांच्या गोळीस कंपनीने सांगितलेला वेग सेकंदास २,६५० फूट होता. .२२२ चा लांब नळीतला वेग ३,१४० फूट. म्हणजे निम्म्याहून आखूड नळीत आणि कमी दारूत शेकडा चौऱ्याऐंशी वेग हाती राहिला.

फुकट गेलेला जोर कोठे जातो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कापडगिरणीच्या साचेखात्यात शंभर डेसिबलच्या आसपास आवाज असे. तेथे उमेद घालवलेली माणसे उतारवयात नातवंडांचे बोलणे ऐकू शकत नाहीत, हे आमच्या चळवळीने पाहिले आहे. आकस्मिक धमाक्यास १४० डेसिबल ही धोक्याची मर्यादा मानतात. आखूड नळीचे पिस्तूल ती सहज ओलांडते, मग त्यात लहानसे.२२ का असेना. कानांस आवरण हवेच. त्यातही निष्कारण मोठे काडतूस म्हणजे यंत्राचा तोटा माणसाच्या कानाने भरून देणे होय. भडक्याने डोळे आणि हात दचकतात, नेम बिघडतो, ते वेगळेच.

तेव्हा निवडीचा क्रम असा. आधी काम आणि अंतर ठरवावे, मग नळी मोजावी, काडतूस सर्वांत शेवटी. पंचवीस-पन्नास यार्डांचा लक्ष्यवेध असेल तर .२२ लाँग रायफल पुरे. रोजच्या सरावास परवडेल असेही तेच. शंभर-दीडशे यार्डांवर काम असेल आणि मागे मातीचा भक्कम बांध असेल, तर फायरबॉल, किंवा १९३० च्या सुमारास आलेले, सौम्य स्वभावाचे .२२ हॉर्नेट. या दोहोंची पुंगळी पुन्हा भरता येते, हा खर्चातला फायदा. त्याहून मोठे हवेसे वाटले, तर पिस्तूल बाजूस ठेवून रायफल घ्यावी. वेष्टनावर छापलेला मोठा आकडा लांब नळीत मोजलेला असतो. आपल्या आखूड नळीत तो मिळत नाही, आवाज मात्र पुरेपूर मिळतो.