संत्र्याची साल : किसायची की वाळवायची?

मराठी घरात वाळलेल्या संत्रासालीचा मुक्काम स्वयंपाकघरात नसतो, न्हाणीघरात असतो. उटण्यात ती असते, मुलतानी मातीच्या शेजारच्या डबीत असते. केकच्या कृतीत ‘एक मोठा चमचा ऑरेंज झेस्ट’ वाचलं आणि घरात संत्रं नसलं, की हात त्याच डबीकडे जातो. तो आवरावा. उटण्यासाठीची साल बहुधा आतल्या पांढऱ्या भागासकट दळलेली असते, खाण्याच्या हिशेबाने धुतलेली असेलच असं नाही, आणि ती दळून किती महिने झाले हे दुकानदारालाही सांगता येत नाही. पण म्हणून वाळलेली साल केकला चालत नाही, असं मुळीच नाही. नागपुरी संत्र्याची साल तर किसण्यापेक्षा वाळवण्यासाठीच जास्त योग्य, असं माझं मत आहे.

सालीचा सगळा खेळ वरच्या नारिंगी थरात आहे. त्यात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. साल दुमडली की त्या फुटून फवारा उडतो. या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन नावाचं एकच द्रव्य असलं, तरी नुसत्या लिमोनीनला संत्र्याचा खरा वास येत नाही. तो येतो अगदी लेशमात्र असलेल्या इतर द्रव्यांमुळे. खालच्या पांढऱ्या थरात मात्र तेल जवळजवळ नाहीच, तिथे कडवटपणा असतो. म्हणून किसताना फक्त रंग खरवडायचा, पांढरं दिसलं की थांबायचं.

घट्ट सालीच्या संत्र्यावर हे सोपं जातं. त्यासाठी लागणारी बारीक धारदार किसणी मुळात सुतारकामाची कानस होती. १९९४ मध्ये कॅनडातल्या ओटावात एका गृहिणीने ती केकसाठी संत्र्यावर चालवून पाहिली आणि मायक्रोप्लेन नावाची ही किसणी स्वयंपाकघरात आली. पण काटोल, नरखेड, वरुडकडच्या संत्र्यावर हीच किसणी फिरवून पाहा. साल सैल आणि पातळ, ती किसणीखाली सरकते, फाटते, आणि पांढरा भाग हमखास किसात येतो. हेच फळ सोललं तर साल दोन मिनिटांत हातात! चीनमध्ये, विशेषतः क्वांगतुंग प्रांतातल्या शिनह्वी भागात, याच जातकुळीच्या संत्र्यांची साल वाळवून वर्षानुवर्षं मुरवतात आणि औषधात, सूपात, मांसाच्या रश्श्यात घालतात. जितकी जुनी, तितकी महाग.

आता प्रमाणाचं. एक मोठा चमचा ताज्या किसाऐवजी एक छोटा चमचा वाळलेली साल, म्हणजे एक तृतीयांश, हा नियम सगळीकडे सांगतात. तो बरोबर आहे, पण तो पाण्याचा हिशेब आहे, वासाचा नाही. ताज्या सालीत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं, ते उडालं की साल आटते. पाण्याबरोबर सुगंधातला हलका, झणझणीत भागही उडतो. कडवट द्रव्यं मात्र उडत नाहीत, जागेवरच राहतात. त्यामुळे वास कमी वाटतो म्हणून वाळलेली साल वाढवत नेली, तर केक सुगंधी होण्याआधी कडू होतो. आलं आणि सुंठ यांच्यात जे नातं, तेच इथे आहे. सुंठेकडून आल्याचा ताजेपणा कुणी मागत नाही.

म्हणूनच पदार्थ कोणता, हे प्रमाणापेक्षा महत्त्वाचं. ओव्हन १८० अंशांवर असला तरी केकचा गाभा १०० अंशांच्या पुढे जात नाही. पण तेवढ्यात निघणारी वाफ ताज्या सालीचाही बराच नाजूक वास घेऊन जाते. परिणामी भाजलेल्या पदार्थात ताजी आणि वाळलेली यांतलं अंतर कमी होतं. रवा केक, फ्रूट केक, नानकटाई, दालचिनी-जायफळ घातलेली बिस्किटं यांत वाळलेली साल छान खुलते. आयसिंग, व्हिप्ड क्रीम, न भाजलेलं चीजकेक यांत ती रुक्ष आणि धुळकट लागते. तिथे ताजीच हवी, नाहीतर वगळावी.

वाळवायची तर मृगबहाराची संत्री येतात तेव्हा, फेब्रुवारी-मार्चमध्ये. फळ गरम पाण्यात ब्रशने घासून धुवावं. चकाकणाऱ्या विकतच्या फळांवर मेणाचा थर असतो. सोललेल्या सालीचा पांढरा भाग चमच्याने खरवडून टाकावा, पट्ट्या कराव्यात आणि पंख्याखाली, सावलीत वाळवाव्यात. विदर्भातलं ऊन फुकट असलं तरी ते रंगही खातं आणि वासही. पट्टी कडकन मोडली की झालं. पूड आधीच करून ठेवू नये. पट्टीत काही तेलपिशव्या शाबूत राहतात, पूड केल्यावर त्या फुटतात. बाटलीला टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प येऊ लागला, तर लिमोनीन हवेने बिघडलं असं समजून साल फेकून द्यावी.

वापरताना पूड थेट मैद्यात मिसळली तर तिचा वास कोंडलेलाच राहतो. ती पातळ केलेल्या कोमट लोण्यात किंवा तेलात पंधरावीस मिनिटं भिजवावी, कारण सुगंध पाण्यापेक्षा स्निग्धात चांगला उतरतो. कृतीत दूध किंवा रस असेल तर भरड साल त्यात फुगवून घेतली तरी चालेल, दाताखाली टोचत नाही.

लिंबाच्या बाबतीत मात्र मी वाळवण्याच्या भानगडीत पडणार नाही. परदेशी कृतींतलं लेमन जाड सालीचं असतं. आपलं कागदी लिंबू नावाप्रमाणे पातळ, त्यावरून जेमतेम अर्धा चमचा कीस निघतो आणि लिंबाचा खास वास वाळताना लवकर बिघडतो. सरबत करायच्या आधी लिंबं किसून तो कीस साखरेत कालवावा आणि छोट्या डबीत फ्रीझरमध्ये ठेवावा. केकच्या दिवशी तेवढी साखर कृतीतल्या साखरेतून वजा करायची.